कुड्या कुणाच्या?



या वेळी खरं तर अन्नदान-सेवेचा वृत्तांत द्यायचा होता. तो पुढच्या पत्रिकेत नक्की देऊ. मधेच एक गोष्ट अशी घडली की तिच्यावर बोलल्याशिवाय आम्हाला पुढे जाववेना.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आपल्या एका ग्रुपवर कोहिनूरचा तो नेहमीचा फॉरवर्ड फिरत आला. आमचं काय काय लुटून नेलंत, ते आता परत द्या, अशा अर्थाचा. खाली जोडलेल्या हातांची आणि झेंड्यांची ही रांग लागली. त्यात आम्हीही होतो, लपवत नाही. त्याच दुपारी वडोदऱ्याच्या एका ताईंचा लांबलचक मेसेज आला. सासूबाईंच्या पश्चात त्यांच्या डब्यातल्या हिऱ्याच्या कुड्या ताईंकडे आल्या. सात-सात खड्यांची जोडी, जुन्या घडणीची. पुढे कपाट आवरताना आजेसासऱ्यांची एक खातेवही सापडली. आजोबा संस्थानच्या नोकरीत कारकून होते आणि बाजूला थोडीफार सावकारी करायचे. वहीत १९४४ सालची नोंद आहे: अमक्या बाईंच्या कुड्या गहाण ठेवून १८० रुपये दिले. पुढे व्याज आल्याच्या तीन नोंदी, आणि मग काहीच नाही. कुड्या सोडवून नेल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. ज्या बाईंचं नाव आहे त्यांची लेक, आता ऐंशीच्या पुढची आजी, दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि दर गुरुवारी सत्संगाला ताईंच्या शेजारी बसते. ताईंनी शेवटी एवढंच विचारलं होतं, "आता या कुड्या कुणाच्या म्हणायच्या?"

संध्याकाळपर्यंत त्या मेसेजखाली एकही उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र ग्रुप जागा झाला. इंदूरच्या एका काकांनी लिहिलं, गहाणाची मुदत संपली की माल सावकाराचा, व्यवहार कायद्याने पुरा झाला, उगाच मनाला लावून घेऊ नका. बेळगावच्या वहिनी म्हणाल्या, सासूबाईंनी प्रेमाने दिलेली वस्तू आहे, तुम्ही काही कुणाकडून हिसकावून घेतलेली नाही. आणखी एकांनी सुचवलं, विकून पैसे सेवेला देऊन टाका, म्हणजे प्रश्नच मिटला. तीनही उत्तरं प्रेमापोटी आलेली. पण आम्ही ती वाचत होतो आणि सारखं वाटत होतं की हे सगळं आपण कुठेतरी ऐकलंय. मग लक्षात आलं. कोहिनूर ज्यांच्याकडे आहे ते अगदी हेच बोलतात.

म्हणून आम्ही तिघा-चौघांनी ठरवलं की फॉरवर्ड बाजूला ठेवून त्या दगडाची गोष्ट जरा नीट वाचू. मग नासिकच्या हिऱ्याची, बडोद्याच्या, हैदराबादच्या. जे हाती लागलं ते ताईंच्या परवानगीने, कुणाचं नाव न घालता, इथे मांडतो आहोत.

कोहिनूरपासूनच सुरू करू. नादिरशहाने १७३९ साली दिल्ली लुटली, कत्तल केली आणि मोगलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा खजिना इराणला नेला. फेट्यात लपवलेला हिरा नादिरशहाने 'चला, फेट्यांची अदलाबदल करू' म्हणत चतुराईने काढून घेतला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ती बहुधा मागाहून रचलेली. त्या काळच्या मारवी नावाच्या इराणी इतिहासकाराच्या लिहिण्याप्रमाणे हिरा मयूरासनावर जडवलेला होता आणि सिंहासनाबरोबरच गेला. नादिरशहाचा १७४७ मध्ये खून झाला आणि हिरा त्याचा सरदार अहमदशहा अब्दालीकडे आला. हो, तोच अब्दाली, पानिपतचा. म्हणजे १७६१ च्या संक्रांतीला आपली माणसं ज्याच्यासमोर उभी होती त्याच्या खजिन्यात कोहिनूर होता.

इथे थोडं थांबायला हवं, कारण इथे आपला पाय अडखळतो. पानिपतच्या आधीच्या वर्षी, १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता. तेव्हा लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवलं आणि त्याची सुमारे ९ लाख रुपयांची नाणी पाडली. गरज होती, माणसं उपाशी होती, हे खरंच. पण छत आपलं नव्हतं, हेही खरंच. नादिरशहाने जे केलं त्याला आपण लूट म्हणतो आणि भाऊंनी जे केलं त्याला नड म्हणतो. दोन्हींत प्रमाणाचा फार मोठा फरक आहे, कत्तलीचा तर आहेच. तरी शब्द निवडताना आपण कुणाच्या बाजूने उभे असतो तेही बघावं.

अब्दालीच्या वंशात त्या दगडापायी काय काय झालं ते इथे सगळं लिहीत नाही. भावाने भावाचे डोळे काढले, एवढं पुरे. शेवटी अब्दालीचा नातू शाहशुजा राज्य गमावून लाहोरला आश्रयाला आला आणि १८१३ मध्ये महाराजा रणजितसिंहांनी त्याच्याकडून कोहिनूर घेतला. घेतला कसा? मैत्रीचे करार झाले, पगड्यांची अदलाबदल झाली, पैसेही दिले गेले. पण शाहशुजा तेव्हा पाहुणा कमी आणि कैदी जास्त होता. घराभोवती पहारा, बायकामुलं आत. अशा माणसाने 'मी आपखुशीने देतो' असं म्हटलं, तर त्या आपखुशीचं वजन किती?

पुढचा प्रसंग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो. १८३९ मध्ये रणजितसिंह अंथरुणाला खिळले होते. झटका येऊन वाचा गेली होती, बोलणं खुणांवर आलं होतं. दानधर्म चालू होता. कोहिनूर पुरीच्या जगन्नाथाला अर्पण करावा अशी त्यांची इच्छा आहे, असं जवळच्या मंडळींनी सांगितलं. खजिनदार मिश्र बेलीराम यांनी हिरा काढून द्यायला नकार दिला. म्हणणं असं की हा हिरा राज्याचा आहे, एका माणसाचा नाही, तो पुढच्या राजाकडे जायचा.

विचार करा, मंडळी. समोर मरणाच्या दारातला राजा, मागणी देवासाठीची, आणि एक नोकरमाणूस म्हणतो, महाराज, हे तुमचं नाही. काही जण म्हणतील बेलीराम चुकले, हिरा जगन्नाथाकडे गेला असता तर इंग्रजांच्या हाती लागला नसता. कोण जाणे. देवळातले हिरेही गेलेच आहेत, ते पुढे येईलच. आम्हाला वाटतं, त्या सगळ्या शंभर-दीडशे वर्षांत 'हे माझं आहे का?' हा प्रश्न नीट विचारणारा तो एकच माणूस सापडतो, आणि त्याच्या गळ्यात तो हिरा कधी नव्हता. दान द्यायचं तरी आधी ती वस्तू आपली असावी लागते. दुसऱ्याची वस्तू देवाला वाहून पुण्य लागतं का, हे ज्याने त्याने मनाशी विचारावं. कुड्या विकून पैसे सेवेला द्या, असं ज्यांनी सुचवलं त्यांनी रागावू नये, पण त्या सूचनेला आमचं उत्तर बेलीरामांनी देऊन ठेवलंय.

रणजितसिंहांनंतर दहा वर्षांत सगळं संपलं. २९ मार्च १८४९ ला लाहोरच्या दरबारात दुलीपसिंहाने करारावर सही केली. पंजाब गेला. करारातलं तिसरं कलम फक्त कोहिनूरचं: शाहशुजाकडून रणजितसिंहांनी घेतलेला हिरा लाहोरच्या महाराजांनी इंग्लंडच्या राणीला द्यावा. सही करणारा महाराज १० वर्षांचा होता. आई जिंदकौर हिला त्याआधीच त्याच्यापासून तोडून दूर कैदेत ठेवलं होतं. आपल्या घरातलं चौथी-पाचवीतलं पोर डोळ्यासमोर आणा. त्याच्या सहीने आपण मोबाइलचं सिमकार्डसुद्धा घेऊ देत नाही.

पुढे त्याला इंग्लंडला नेलं. १८५४ मध्ये राजवाड्यात त्याचं चित्र काढायचं चाललं असताना व्हिक्टोरिया राणीने कोहिनूर मागवून त्याच्या हातात ठेवला. मुलगा आता १५ वर्षांचा. तो खिडकीशी गेला, उजेडात दगड उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिला. मग परत येऊन त्याने तो राणीच्या हातात दिला आणि आपल्या हाताने द्यायला मिळाल्याचा आनंद आहे, अशा अर्थाचं नम्रपणे बोलला. सभोवतालच्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. चला, आता तर मुलाने स्वतः दिला, भेटच झाली.

झाली का? या एका प्रश्नावर आमच्यात तीन गुरुवार वाद झाला. आमच्यातल्या एका दादांचं म्हणणं, १५ वर्षांचा मुलगा जाणता असतो, त्याने मनाने सोडलं म्हणजे सोडलं, आपण आपल्या सत्संगात सोडण्याचीच तर महती सांगतो. दुसऱ्यांचं म्हणणं, सोडायला आधी ते हातात असावं लागतं आणि 'नाही' म्हणायची मोकळीक असावी लागते. त्या खोलीत तो 'नाही देत' म्हणू शकला असता का? हिरा खिशात घालून घरी जाऊ शकला असता का? घर तरी कुठे होतं? आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. जिथे नकार देताच येत नाही तिथल्या होकाराला दान म्हणू नये. आणि पुढे काय झालं तेही पाहा. मोठा झाल्यावर दुलीपसिंहाला सगळं कळत गेलं, त्याने तक्रारी केल्या, हक्क मागितला, राणीला चोरीचा माल बाळगणारी म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली. १८९३ मध्ये पॅरिसला तो वारला. पंधराव्या वर्षी मनाने सोडलेलं असतं तर ते असं आयुष्यभर सललं नसतं.

त्याच्या आईची एक गोष्ट आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. १८६१ मध्ये मायलेकांची कलकत्त्यात भेट झाली, तो तिला इंग्लंडला घेऊन गेला, १८६३ मध्ये ती तिथे वारली. अंत्यसंस्कार हिंदुस्थानात व्हावेत एवढी तिची इच्छा. पण पंजाबात न्यायची परवानगी मिळाली नाही. मग गोदाकाठी, पंचवटीच्या बाजूला तिची छोटी समाधी झाली. १९२४ साली नात राजकन्या बांबा हिने अस्थी लाहोरला नेल्या. लाहोरच्या राणीला साठ वर्षं आसरा दिला तो नासिकच्या गोदामाईने. पंचवटीला जाल तेव्हा आठवण ठेवा.

आणि त्याच गोदावरीच्या उगमापाशी, त्र्यंबकेश्वराला, आणखी एक हिरा होता. इंग्रज त्याला 'नॅसॅक' म्हणतात, म्हणजे आपलं नासिकच. गोवळकोंड्याकडच्या खाणींतला, सुमारे ९० कॅरटचा, निळसर झाकेचा. देवाचा म्हणून ठेवलेला. देवळातून तो पेशव्यांच्या जडजवाहिरात आला आणि १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. लंडनला त्याचे सुमारे ३,००० पौंड आले, कारण आपल्याकडची जुनी घडण तिथे कुणाला पसंत नव्हती. पुढे तो एका सरदाराच्या तलवारीच्या मुठीत बसला. मग अमेरिकेत १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापला. आज तो ४३.३८ कॅरटचा आहे, खाजगी मालकीत.

आपल्याकडे कायद्यात देवाच्या मूर्तीला व्यक्तीचा दर्जा आहे, आणि ढोबळमानाने तिला 'अज्ञान' समजतात, म्हणजे सज्ञान नसलेल्या बालकासारखं. तिच्या वतीने कुणी तरी जबाबदारीने बघायचं असतं. म्हणजे त्र्यंबकराजाचं आणि दुलीपसिंहाचं प्रकरण एकाच जातीचं झालं की हो! दोघंही अज्ञान, आणि दोघांच्याही वतीने मोठ्यांनी देऊन टाकलं. इंग्रजांनी नेलं हे आपण मोठ्याने म्हणतो. पण देवाच्या माथ्यावरून तो खाली उतरला तेव्हा तिथे एकही इंग्रज नव्हता, हे जरा हळू आवाजात का होईना, म्हणायला हवं.

आता बडोदं. ताई तिथल्याच, म्हणून जरा जास्त वाचलं. ब्राझीलमध्ये १८५३ साली खाणीत राबणाऱ्या एका गुलाम बाईला एक मोठा हिरा सापडला. मालकाने तिला बक्षीस म्हणून गुलामीतून मोकळं केलं आणि तहहयात निर्वाह लावून दिला. त्यालाही तो फारसा पचला नाही, ३,००० पौंडांना विकून बसला. ॲमस्टरडॅमला पैलू पाडल्यावर तो १२८ कॅरटच्या वर भरला, त्याला 'दक्षिणेचा तारा' नाव पडलं, आणि पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी तो ८०,००० पौंडांना घेतला. ज्या बाईच्या हाताला तो लागला तिला स्वतःचंच शरीर परत मिळालं, आणि तेही बक्षीस म्हणून! हिरा कुणाचा हे विचारणारे आपण सगळे राजांची नावं घेतो. तॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीवर गेला होता. तिथे ६०,००० माणसं राबत होती असं त्याने लिहून ठेवलंय, बायका आणि पोरं धरून. त्यांच्या वारसांनी कुठल्याच सरकारकडे कधी अर्ज केलेला नाही.

बडोद्याचीच आणखी एक गोष्ट चटका लावते. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांची एक चादर करवून घेतली, हिरे-माणकं जडवलेली. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर वाहायचा संकल्प होता असं सांगतात. १८७० मध्ये महाराज गेले आणि चादर बडोद्यातच राहिली. शेवटी २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात ती सुमारे ५५ लाख डॉलरना विकली गेली. संकल्प सोडला, पण वस्तू पोचली नाही. मग ती मधल्या १४० वर्षांत कुणाची होती? खंडेरावांच्या मागून आलेल्या मल्हाररावांचं तर राज्यच गेलं. इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप होता, १८७४ चा. चौकशी मंडळात ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव होते. या तिघांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही, तीन इंग्रजांना दिसला. तरी १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन महाराजांना काढलंच. (हिऱ्याच्या पुडीने माणूस मरतो हा आपला जुना समज. मारतो तो सोमल.)

हैदराबादच्या एका दादांनी मात्र हसवलं. त्यांनी सालारजंग म्युझियममध्ये निजामाचे दागिने प्रदर्शनात पाहिले होते, त्यातला तो जेकब हिरा, १८४.७५ कॅरटचा. ज्या शहराच्या वेशीवर गोवळकोंडा, त्या शहराच्या राजाने हिरा घेतला तो दक्षिण आफ्रिकेतला! सहाव्या निजामाचा त्या व्यवहारात जेकब नावाच्या व्यापाऱ्याशी वाद झाला, १८९१ मध्ये कलकत्त्याला खटला चालला, निजामाला साक्ष द्यावी लागली. एवढा मनस्ताप झाला की हिरा कापडात गुंडाळून टाकला, आणि पुढे मुलाला तो बापाच्या जोड्याच्या टोकात सापडला. मुलाने, म्हणजे शेवटच्या निजामाने, तो टेबलावर कागदांवर ठेवायला वापरला. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे दागिने सुमारे २१८ कोटी देऊन विकत घेतले. आता ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत. दादांचा प्रश्न: रयतेच्या पैशातून घेतलेली वस्तू रयतेने पुन्हा पैसे मोजून घेतली, हे कसं? पुन्हा बेलीरामच आठवले.

तर ताई, तुमच्या कुड्यांकडे येऊ.

कोहिनूर परत का देत नाही, यावर दोन कारणं नेहमी ऐकू येतात. एक, करार झालाय. १८४९ चा करार आहेच, सहीसकट. आपल्याच सरकारच्या वकिलांनी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधी सांगितलं होतं की हिरा चोरून वा हिसकावून नेलेला नाही. मग ओरड झाल्यावर सरकारने भूमिका बदलली. इंदूरच्या काकांचं 'व्यवहार पुरा झाला' हे या जातीचं. काका, कायद्यात तुम्ही बरोबरच असाल. पण १९४४ मधली ती बाई तीन वेळा व्याज देऊन गेली. म्हणजे तिला त्या हव्या होत्या. चौथ्या वेळी ती का आली नाही ते वहीत नाही. घरात आजारपण असेल, मरण असेल, नाही तर १८० रुपये कधी जमलेच नसतील. मुदत संपली, एवढंच वहीला कळलं.

दुसरं कारण, द्यायचा कुणाला? भारत मागतो, पाकिस्तान म्हणतो लाहोर आमच्याकडे, अफगाणिस्तानातूनही मागणी झाली. सगळ्यांनीच कुणाकडून तरी घेतलेला, मग कुणाचाच नाही, म्हणजे आमचाच. यात अडचण खरी आहे, खोटी नाही. पण पत्ता सापडत नाही म्हणून पत्र आपलं होतं का? आणि हा युक्तिवाद नेहमी ज्याच्या मुठीत वस्तू आहे त्यालाच कसा सुचतो, हे बघून आम्हाला हसू आलं. २०२३ च्या राज्याभिषेकात नव्या राणीने कोहिनूर डोक्यावर घेतला नाही. म्हणजे घालायला संकोच वाटतो, पण द्यायला हात उठत नाही. ही मधली अवस्था आपल्याही घरात असते. ताई, तुम्हीच लिहिलंय ना, वही सापडल्यापासून कुड्या एकदाही घातल्या नाहीत आणि डबाही हलवला नाही. तुमच्याकडे तर पत्ताही आहे, दोन गल्ल्या पलीकडचा.

बेळगावच्या वहिनींचं म्हणणं उरतं, आणि ते सगळ्यात जड आहे. ताईंनी काही केलेलं नाही. सासूबाईंनीही नाही. आजोबासुद्धा वाईट नव्हते, नियमाने वागले. मग दोष कुणाचा? आम्हाला वाटतं, इथे दोष शोधायचाच नाही. वारसात घर येतं तसं त्यावरचं कर्जही येतं. ते कर्ज आपण काढलेलं नसतं, तरी फेडताना आपण 'मी गुन्हेगार' असं म्हणत नाही, नुसतं फेडतो. चांगलं ते माझ्या आजोबांचं आणि वाईट ते त्या काळाचं, अशी वाटणी करता येणार नाही. आजोबांच्या हुशारीच्या गोष्टी आपण घरात सांगतोच ना? मग ती वहीही त्यांचीच.

आणि परत जे जाईल ते तेच असेल का, हेही मनात आलं. कोहिनूर १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडला तेव्हा लोक हिरमुसले, चमकतच नाही म्हणाले. मग १८५२ मध्ये पैलू पाडून त्याला १८६ कॅरटचा १०५.६ केला. रणजितसिंहांच्या दंडावरचा हिरा आता जगात कुठेच नाही. आता परत आला तर तो दुसराच येईल. ताईंच्या कुड्यांतलाही एक खडा सासूबाईंनी मधे बदलून घेतलाय. बदलू दे.

एवढं सगळं आम्ही ताईंना फोनवर सांगणार होतो. पण आमचे तीन गुरुवार होईपर्यंत ताई थांबल्याच नाहीत. वही घेऊन एका संध्याकाळी एकट्याच आजींकडे गेल्या.

आजींनी चष्मा लावला, वहीतल्या आईच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "माझी आई जाईपर्यंत कानात कडुलिंबाची काडी घालायची. आम्हा पोरांना वाटायचं औषध आहे." भोक बुजू नये म्हणून घालायची, हे ताईंना सांगावं लागलं नाही. कुड्या त्यांनी हातात घेऊन पाहिल्या आणि पुन्हा ताईंच्या हातात दिल्या. मग विचारलं, "आमच्याकडून देणं किती राहिलं होतं गं?"

ताईंना हे सुचलंच नव्हतं. आम्हालाही नाही.

सध्या कुड्या ताईंच्याच डब्यात आहेत. आजी म्हणतात, हिशेब झाल्याशिवाय हात लावणार नाही. ताई म्हणतात, पैसे घेणार नाही. आजींनी कॉलेजात जाणाऱ्या नातवाला व्याज काढायला बसवलंय. तो म्हणतो, वहीत दर लिहिलाय, पण तो महिन्याचा की वर्षाचा ते कळत नाही.